गोठ्यातला परजीवी आणि रक्तातला पहारेकरी

आज हेडफोन लावून थेट गोठ्यात जाऊ या.

वर्धा जिल्ह्यात गोठा म्हटला की डोळ्यांसमोर येते गवळाऊ गाय, पोळ्याला सजवलेला बैल आणि त्यांना छळणारी गोमाशी. ही माशी एका जनावराचं रक्त पिताना हाकलली गेली, की दुसऱ्यावर जाऊन बसते. तोंडाला लागलेल्या रक्ताबरोबर कधीकधी एक परजीवीही जातो. त्याचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, आणि रोगाचं नाव सर्रा. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांना तो पंजाबात घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सापडला. इतकी वर्षं समज एकच होता: हा जनावरांचा रोग, माणसाला होत नाही.

मग २००४ साल आलं. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले ४५ वर्षांचे एक शेतकरी. घरी गुरं. जवळपास पाच महिने ताप यायचा, जायचा, थंडी वाजायची, घाम फुटायचा. आपल्याकडे असा ताप म्हणजे आधी मलेरियाच आठवतो, नाही का? पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्तात भलतंच काही वळवळताना दिसलं. तो इव्हान्सी होता! नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये ही केस जगापुढे मांडली.

आता खरा प्रश्न. गोठ्यात तर लाखो लोक राबतात. मग यांनाच का झालं?

आधी परजीवीची हत्यारं बघू. इव्हान्सी रक्तात उघड्यावर फिरतो, पण अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचा दाट कोट घालून. आपलं शरीर तो कोट ओळखून मारा सुरू करतं, तोवर काही परजीवींनी कोट बदललेला असतो. पुन्हा पहिल्यापासून शोध! म्हणून ताप येतो-जातो.

त्याचा दक्षिण अमेरिकेतला चुलतभाऊ ट्रिपॅनोसोमा क्रूझी. १९०९ साली ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांनी तो शोधला, म्हणून रोगाला शागास रोग म्हणतात. याची तऱ्हा वेगळी. तो आपल्याच पेशींवरची एक साखर काढून स्वतःला चोपडतो, म्हणजे घरचाच वाटावा! मग पेशीच्या आत शिरून लपतो. हृदयाच्या स्नायूंत वर्षानुवर्षं राहतो, आणि काहींचं हृदय त्यातून निकामी होतं.

म्हणजे हत्यारं दोघांकडेही आहेत. पण माणसाच्या रक्तात इव्हान्सीसाठी एक पहारेकरी आहे: एपीओएल-१ नावाचं प्रथिन. परजीवी ते गिळतो आणि ते आतून त्याला भोकं पाडतं. तो फुगतो, मरतो. आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या एका परजीवीकडे या पहारेकऱ्याला निकामी करणारं खास प्रथिन आहे. इव्हान्सीकडे ते नाही.

२००६ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी त्या शेतकऱ्याचं रक्त तपासलं, आणि कोडं सुटलं. त्यांच्या रक्तात एपीओएल-१ नव्हतंच. आईकडून आणि वडिलांकडून मिळालेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. परजीवी जास्त ताकदवान झाला नव्हता, दारावर पहारेकरीच नव्हता. सुरामिन या जुन्या औषधाने ते बरे झाले.

म्हणजे रोग किती घातक, हे एकट्या परजीवीवर ठरत नाही. समोर कोण उभं आहे, यावरही ठरतं.

पण निर्धास्त होऊ नका. व्हिएतनाममध्ये २०१५ साली एका बाईला हाच रोग झाला, आणि तिच्या रक्तात पहारेकरी शाबूत होता. सगळी उत्तरं अजून हाती आलेली नाहीत.

मग आपण काय करायचं? घाबरून गुरं विकायची नाहीत. हातावर जखम असेल तर जनावराच्या रक्ताला हात लावू नका. जनावर खंगत चाललंय, ताप उलटतोय, तर पशुवैद्यकांना दाखवा. आणि घरात कुणाचा ताप वारंवार उलटत असेल, मलेरियाची झटपट पट्टी निगेटिव्ह येत असेल, तर डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा: "आमच्या घरी गुरं आहेत," आणि "रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघता का?" पट्टी फक्त मलेरिया ओळखते. चंद्रपूरचा परजीवी दिसला, तो कुणीतरी काचेवर डोळा लावला म्हणून.

हा भाग घरच्या मोठ्यांना, गुरं राखणाऱ्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!