नळदुर्गचा पाणी महाल: धबधबा सगळे पाहतात, बंधारा कोण पाहतं?

तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्ग किल्ल्यात पावसाळ्यात तुफान गर्दी होते. नर-मादी धबधबा पाहायचा, मोबाईलवर व्हिडिओ काढायचा अन् परत फिरायचं, एवढंच बहुतेकांचं होतं. पण हा धबधबा नैसर्गिक नाही. चारशे वर्षांपूर्वी माणसांनी बांधलेल्या बंधाऱ्याचा तो सांडवा आहे.

कोणी बांधला?

विजापूरच्या आदिलशाही घराण्याने. 1490 ते 1686 अशी जवळपास दोनशे वर्षं या घराण्याची सत्ता होती. गोलघुमट बांधणारा मोहम्मद आदिलशहा याच घराण्यातला. त्याचे वडील इब्राहिम आदिलशहा दुसरा. संगीताचं वेड असलेल्या या सुलतानाला लोक 'जगद्गुरू' म्हणत. त्याच्याच काळात, 1613 मध्ये, पाणी महाल उभा राहिला.

बंधारा कशासाठी?

बोरी नदी किल्ल्याला वळसा घालून जाते. नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ यांच्या मधोमध दगडी भिंत घालून नदी अडवली. त्यामुळे एका दगडात तीन पक्षी मारले गेले:

- वेढा पडला तरी किल्ल्यातल्या माणसांना, जनावरांना पाणी मिळायचं.
- साठलेलं पाणी शत्रूला अडवायचं.
- भिंतीवरून दोन्ही किल्ल्यांत ये-जा करता यायची.

मग महाल कुठे आहे?

खरी गंमत इथंच आहे. महाल बंधाऱ्याच्या शेजारी नाही, थेट भिंतीच्या पोटात आहे. आत जायला जिना आहे. तलाव भरला की जादा पाणी दोन सांडव्यांतून खाली झेपावतं. त्यांनाच नर आणि मादी म्हणतात. पाण्याची धार भिंतीपासून पुढे पडते, त्यामुळे महालाच्या सज्जात बसणारा कोरडा राहतो. समोर पाण्याचा पडदा, पाठीमागे भरलेला तलाव आणि आत गारवा!

राजाची हौस अन् रयतेची गरज एकाच भिंतीत बसवलेली अशी वास्तू क्वचितच सापडते. विजापूरच्या इमारती पाहायला लोक लांबून येतात. त्याच तोडीचं काम आपल्या तालुक्यात आहे.

पुढच्या वेळी जाल तेव्हा धबधब्यासोबत भिंतही निरखून पाहा. मात्र पाणी जोरात असताना कठड्यावर चढू नका आणि दगडांवर नावं कोरू नका. चार शतकं पुराचा मार झेललेली ही भिंत पुढच्या पिढीलाही धडधाकट दिसली पाहिजे.