लिंगोबाच्या डोंगरात अजिंठ्याचं शिवार

परभणी-मनमाड लोहमार्गावर पेडगाव लागतं. भोवती काळी जमीन, कापूस, तूर, आणि सगळा जीव पावसावर टांगलेला. इकडे ना. धों. महानोरांचं गाणं लागलं की ते सिनेमातलं आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. शेजारच्या वावरातलंच कुणीतरी गातंय असं वाटतं.

खरं तर ही गाणी ज्यातली, तो ‘जैत रे जैत’ (१९७७) मराठवाड्याचा सिनेमा नव्हेच. गो. नी. दांडेकरांची कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकर आदिवासींची. राणीमाशीनं डोळा फोडलेला नाग्या, लिंगोबाच्या कड्यावरची आग्या मोहोळं, सोबतीला चिंधी. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. गोष्ट पुढे नेतात ती गाणीच. ती काढली तर चित्रपटाचा कणाच निघेल. आणि ती लिहिण्याचं काम आलं कुणाकडे, तर अजिंठ्याच्या पायथ्याशी पळसखेड्यात नांगर धरणाऱ्या पस्तिशीतल्या शेतकऱ्याकडे!

महानोर तोवर कवी म्हणून नावाजलेले होते. जळगावचं कॉलेज पहिल्याच वर्षी सोडून ते शेतीत उतरले. १९६७ साली ‘रानातल्या कविता’ आल्या. पण ‘जैत’च्या गाण्यांची किल्ली मला त्यांच्या ‘वही’ या संग्रहात (१९७०) सापडते. वही म्हणजे खानदेशातलं समूहानं गायचं लोकगीत. डफ वाजतो, एक जण ओळ टाकतो, बाकीचे झेलतात. हे ज्याच्या कानात लहानपणापासून आहे, त्याला गाण्यातली ओळ वेगळी शिकावी लागत नाही. ‘जैत’मध्ये रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्या तोंडची समूहगीतं ऐका, ओळ टाकणं-झेलणं तिथंही आहे. आशा भोसलेंच्या आवाजातलं पिकल्या जांभळाचं गाणं घ्या. झाड कुठल्याही डोंगरातलं असेल, पण त्याखालची ओढाळ, धीट बाई महानोरांच्या शिवारातली आहे.

श्रेय वाटताना आपण हृदयनाथांच्या अवघड चालींपाशी थांबतो. चाली थोर आहेतच. पण त्या वळणांवरही शब्द मोडत नाहीत, कारण ते मुळात गळ्यासाठीच घडलेले होते. पुढे महानोरांच्याच गाण्यांचे ‘सर्जा’, ‘एक होता विदूषक’, ‘मुक्ता’ आले. माझ्या मते पहिल्या कामाचा तजेला त्यांत क्वचितच दिसतो.

१९७८ साली महानोर विधान परिषदेवर गेले आणि तिथं शेती-पाण्यावर बोलत राहिले. ३ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यात ते गेले. ‘जैत’ची गाणी पुन्हा लावाल तेव्हा आधी ‘वही’ वाचा, तीही मोठ्यानं.