उभा घाट, आडवी रेषा

बोरघाटातून पुण्यास आलेल्या प्रवाशास चढ म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. १८६३ साली खुल्या झालेल्या या लोहमार्गाचा सर्वांत कडक चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ फूट पुढे जावे तेव्हा १ फूट वर. हा चढ चढविण्यासाठी कर्जतला पुष्कळ गाड्यांना मागून जादा एंजिने लावावी लागतात. बीजगणितातला चढ तरी दुसरा कोणता? वर किती गेलो त्यास पुढे किती गेलो याने भागावयाचे. ३७ ऐवजी ३७० फूट मोजा, वर जाणे १० फूट होईल; भागाकार तोच. कोठूनही मोजले तरी हा भागाकार बदलत नाही, ती रेषा सरळ. शाळेत सूत्र पाठ होते, आणि नेमकी ही गोष्ट निसटते.

आता डोंगर सोडून कागदावर येऊ. रेल्वेच्या नियंत्रण-कचेरीत गाड्यांचा आलेख असतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक रेषा. पॅरिस-ल्यों मार्गाचा असा आलेख मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ साली छापला होता. येथे चढ म्हणजे अंतर भागिले वेळ, अर्थात वेग. गाडी उभी राहिली की वेळ जातो, अंतर वाढत नाही. रेषा आडवी, चढ शून्य. आणि रेषा अगदी उभी झाली तर? मग गाडी एकाच क्षणी सगळ्या स्टेशनांवर आहे असे म्हणावे लागेल. शून्याने भागता येत नाही ते का, हे येथे आपोआप कळते.

पण एक गफलत होते. आलेखातली रेषा हे रुळांचे चित्र नव्हे. घाटात गाडी मंदावते, म्हणून तिची रेषा तेथे अधिक सपाट होते. घाट जितका उभा, रेषा तितकी आडवी! तसेच रेषा खाली उतरली म्हणजे गाडी दरीत चालली असे नाही. ती उलट दिशेने येत आहे, इतकेच. ऋण चढाचा अर्थ एवढाच.

आता खरी कसोटी. समजा, शंभर किलोमीटरचा एकेरी मार्ग आहे. एका टोकाहून सकाळी ८ वाजता मालगाडी निघाली, वेग ताशी ४०. दुसऱ्या टोकाहून त्याच वेळी प्रवासी गाडी, वेग ताशी ६०. आठनंतरचे तास क्ष आणि पहिल्या टोकापासूनचे अंतर य धरले, तर मालगाडीची रेषा य = ४०क्ष, आणि प्रवासी गाडीची य = १०० − ६०क्ष. दोन्ही य समान मांडा; क्ष = १, य = ४०. नऊ वाजता, चाळिसाव्या किलोमीटरवर, रेषा एकमेकींस छेदतात. तेथे स्टेशन असेल तर ठीक. नसेल तर? शाळेच्या वहीत हा नुसता छेदनबिंदू. रुळांवर मात्र तो अपघात होय.

समजा, स्टेशने तिसाव्या आणि पन्नासाव्या किलोमीटरवर आहेत. पन्नासाव्यावर प्रवासी गाडी ८.५० ला पोचते, मालगाडी ९.१५ ला, म्हणजे प्रवासी गाडी २५ मिनिटे अडकेल. उलट तिसाव्यावर मालगाडी ८.४५ ला येऊन थांबली, तर प्रवासी गाडी ९.१० ला येईल. पुन्हा २५ मिनिटेच. खोळंबा तेवढाच, कारण अडचणीचा बिंदू दोन्ही स्टेशनांपासून सारखाच दूर आहे. आडवी रेषा कोणाच्या वाट्याला घालायची, हे गणित सांगत नाही. ते नियंत्रकाने ठरवावयाचे, आणि बहुधा तो मालगाडीलाच थांबवतो.