सुट्टी त्यांची, शाळा आपली

जुलैचा पहिला पंधरवडा. बेंगळुरूत सकाळपासून भुरभुर पाऊस पडत असतो. रेनकोट घातलेली मुले पाठीवरचे दप्तर सावरत शाळेच्या गाडीची वाट पाहत उभी असतात. घटक चाचणी जवळ आलेली असते, गृहपाठाच्या वह्या तपासायच्या राहिलेल्या असतात आणि बाईंना मान वर करायला फुरसत नसते. नेमक्या याच दिवसांत अमेरिकेतल्या शाळांना कुलपे असतात. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुमारे दहा आठवडे तिथे उन्हाळ्याची सुट्टी असते. इंग्लंडमध्ये जुलैच्या अखेरीस सहा आठवड्यांची सुट्टी लागते, तर ऑस्ट्रेलियात मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत येते.

कर्नाटकातल्या शाळा एप्रिलमध्ये बंद होतात आणि मेअखेरीस उघडतात. थोडक्यात, त्यांची सुट्टी आणि आपली शाळा एकाच वेळी चालू असते. परदेशातल्या ज्या शिक्षकांना सुट्टी घरी बसून काढवत नाही, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. सुट्टीत प्रवास तर करायचाच, पण तीन-चार आठवडे कुठल्या तरी शाळेत शिकवायचे, वाचनालय लावून द्यायचे, मुलांचे नाटक बसवायचे, असा बेत करून अनेक जण भारताची वाट धरतात. त्यांतल्या कित्येकांना बेंगळुरू आवडते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे जुलैत हवा थंड असते आणि अंगाला घामाच्या धारा लागत नाहीत. शहरात इंग्रजीवर काम भागते. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे गाव आज संगणकनगरी म्हणून जगभर माहीत आहे, त्यामुळे निघताना नातेवाइकांची समजूत काढणेही सोपे जाते.

तुम्ही म्हणाल, गोऱ्या लोकांकडे पैसा भरपूर, त्यांना काय अवघड? पण अमेरिकेतल्या बऱ्याच शिक्षकांचा पगार दहा महिन्यांच्या कामाचा असतो. अनेक जण सुट्टीत दुसरी नोकरी धरून घरखर्चाचा मेळ घालतात. विमानाचे भाडे स्वतः भरायचे, राहण्या-जेवण्याचा खर्चही बहुतेक वेळा आपणच करायचा आणि शिकवण्याचा एक पैसा घ्यायचा नाही, हा हिशेब त्यांनाही सोपा नसतो.

शांती भवनातले पाहुणे

बेंगळुरूहून गाडीने दीड-दोन तासांवर, तामिळनाडूच्या हद्दीत बालिगनपल्ली नावाचे गाव आहे. तिथे १९९७ साली डॉ. अब्राहम जॉर्ज यांनी ‘शांती भवन’ ही निवासी शाळा काढली. जॉर्ज आधी भारतीय सैन्यात अधिकारी होते. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायात पैसा मिळवला आणि तो इथे ओतला. अत्यंत गरीब, बहुतांशी दलित कुटुंबांतली मुले चार वर्षांची असताना इथे येतात. एका घरातून एकच मूल घेतात. बारावी, मग महाविद्यालय आणि पहिली नोकरी लागेपर्यंत संस्था त्याची जबाबदारी घेते. २००८ च्या जागतिक मंदीत जॉर्ज यांची स्वतःची पुंजी आटली आणि शाळा चालते की बंद पडते अशी वेळ आली, पण देणग्यांवर ती तरली. २०१७ साली या शाळेतल्या मुलींवर ‘डॉटर्स ऑफ डेस्टिनी’ ही माहितीपट-मालिका आली आणि शाळेचे नाव दूरवर पोचले.

इथे कायमचे शिक्षक तर आहेतच, शिवाय निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवकही येऊन राहतात. ते आवारातच राहतात, मुलांबरोबर जेवतात, वर्ग घेतात, संध्याकाळी अभ्यासाला बसवतात. ज्या मुलाच्या घरात कुणी कधी पुस्तक उघडलेले नाही, त्याला जेवणाच्या टेबलावर परक्या देशातल्या माणसाशी बोलावे लागते. इंग्रजी सुधारते हे तर झालेच. पण मोठ्या माणसासमोर मान खाली न घालता बोलायची सवय लागते, तिचे मोल मार्कांपेक्षा जास्त आहे. पुढे एखाद्या कंपनीत मुलाखतीला बसताना ती कामी येते.

इथे कायमचा शिक्षकवर्ग भक्कम आहे, म्हणून पाहुण्याचा उपयोग होतो. जिथे मुळात शिक्षकच अपुरे आहेत, तिथे सुट्टीतला पाहुणा उणीव भरून काढील अशी आशा धरणे फसवे असते. तो चार आठवडे पाठ घेणार आणि पाचव्या आठवड्यात वर्ग पुन्हा रिकामा.

रजा घेऊन आलेला मास्तर

परदेशी शिक्षकाने असे येण्याची गोष्ट आजची नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. हजारो माणसे मेली, जमिनीला भेगा पडल्या, शेतांवर वाळू पसरली. त्याची बातमी स्वित्झर्लंडमध्ये पिएर सेरेसोल यांनी वाचली. सेरेसोल मूळचे इंजिनीअर होते आणि त्या काळात ला शो-द-फों या गावी शिक्षकाची नोकरी करत होते. त्यांचे वडील एके काळी स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. मुलगा मात्र युद्धाविरोधी निघाला, इतका की सैन्याचा कर भरायला नकार देऊन तुरुंगात जाऊन आला.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, त्यांनी फ्रान्समध्ये व्हर्दनजवळच्या एन नावाच्या उद्ध्वस्त खेड्यात चारदोन माणसे जमवून घरे उभारायला सुरुवात केली होती. त्यांत जर्मन तरुणही होते. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतली माणसे एकत्र विटा वाहू लागली. आसपासच्या अधिकाऱ्यांना जर्मनांचे तिथे असणे सहन झाले नाही आणि काम अर्धवट सोडावे लागले. पण त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था जन्मली. ‘बोलणे नको, कृती हवी’ हे तिचे ब्रीद. १९२७ साली लिश्टेनस्टाइनमध्ये पूर आला, त्यानंतर १९२८ साली तिच्या शिबिरांत शेकडो स्वयंसेवक फावडी घेऊन उतरले होते.

सेरेसोल यांची १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये गांधीजींशी भेट झाली होती. बिहारच्या भूकंपानंतर शाळेतून वेळ काढून ते भारतात आले, राजेंद्रप्रसादांना भेटले आणि मुझफ्फरपूर भागात कामाला लागले. पुराच्या तडाख्यात सापडणारी खेडी उंचावरच्या जागी नव्याने वसवायची, असे ते काम होते. १९३४ ते १९३७ या काळात ते पुन्हा पुन्हा येत राहिले. बरोबर मूठभर युरोपीय स्वयंसेवक होते. राज्य इंग्रजांचे होते आणि गोरा माणूस म्हणजे हुकूम देणारा, अशी खेड्यातल्या लोकांची पक्की समजूत होती. तोच गोरा डोक्यावर मातीचे घमेले घेऊन चालतो आहे, हे दृश्य त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिले असेल. किती घरे बांधली गेली, यापेक्षा हे दृश्य मोठे होते, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आनंदवनातल्या विटा

याच संस्थेचे एक काम मराठी माणसाच्या अगदी घरचे आहे. बाबा आमटे आणि साधनाताई १९५१ साली वरोऱ्याजवळच्या माळरानावर राहायला गेले. बरोबर थोडे कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, आणि आजूबाजूला साप-विंचू. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे अनेक देशांतले सुमारे पन्नास स्वयंसेवक तिथे येऊन राहिले आणि त्यांनी आनंदवनातल्या पहिल्या पक्क्या इमारती बांधून दिल्या.

पण विटांच्या भिंतींपेक्षा वेगळेच काही तरी त्या शिबिराने पाडले. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला वरोऱ्यातली माणसे तयार नव्हती. हात लावायचीही भीती वाटत होती. ही परदेशी मंडळी मात्र तीच भाजी रोज जेवत होती आणि ठणठणीत होती. हे पाहून गावातली भीती हळूहळू ओसरली, असे आनंदवनाच्या आठवणींत सांगितले जाते. कुष्ठरोग तसा पटकन लागत नाही, हे डॉक्टरांनी दहा वेळा सांगूनही पटले नसते. ते ताटातल्या भाजीने पटवून दिले.

पुढे साठच्या दशकात बाबांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात महाराष्ट्रभरातली कॉलेजची मुले सुट्टी घालवायला म्हणून तिथे जाऊ लागली. आपल्याकडच्या कित्येक घरांत ‘सोमनाथला जाऊन आलेला’ एखादा काका किंवा आत्या सापडेल. सुट्टी म्हणजे मामाचे गाव, एवढेच माहीत असलेल्या पिढीला सुट्टीत खणायलाही जाता येते, हे तिथे कळले.

आणि वयाचे बंधन? अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर शिक्षिका नव्हत्या, परिचारिका होत्या. पण साठी उलटून बरीच वर्षे झाल्यावर ‘पीस कोअर’ या संस्थेतर्फे त्या आपल्या मुंबईतल्या विक्रोळीला येऊन राहिल्या. १९६६ ते १९६८ या काळात त्यांनी गोदरेज वसाहतीत काम केले. आपल्याकडे त्या वयाच्या बाईने एकटीने पुण्याला जायचे म्हटले तरी चार मुले स्टेशनवर सोडायला येतात.

जो गेलाच नाही

काही शिक्षक येतात ते परत जातच नाहीत. इंग्लंडचे डेव्हिड हॉर्सबर्ग दुसऱ्या महायुद्धात हवाईदलातून भारतात आले, इथल्या भाषा शिकले, शिकवू लागले, पाठ्यपुस्तके लिहिली आणि १९७२ साली बेंगळुरूच्या पूर्वेला, कोलार जिल्ह्यातल्या खेड्यात ‘नील बाग’ ही शाळा काढली. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र शिकत, प्रत्येक जण आपापल्या गतीने. सुतारकाम, मातीकाम, शिवण हेही अभ्यासाइतकेच महत्त्वाचे होते. १९८४ साली हॉर्सबर्ग गेले. पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शिक्षकांनी ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत तो धागा पुढे नेला आणि त्यातूनच स्फूर्ती घेऊन १९९५ मध्ये कर्नाटकात ‘नली-कली’ ही पद्धत सुरू झाली. नली-कली म्हणजे आनंदाने शिका. ती पुढे राज्यातल्या सरकारी शाळांत पोचली. एका परदेशी मास्तराच्या छोट्याशा शाळेतून एवढे निघाले, कारण तो गावातच राहिला आणि त्याने इथले शिक्षक घडवले.

‘परत कधी येणार?’

मग तीन आठवड्यांसाठी येणाऱ्यांचे काय? इथे थोडे कठोर बोलायला हवे. लहान मूल चार दिवसांत जीव लावते. नवी ताई येते, गोष्टी सांगते, केस विंचरते, फोटो काढते. मग एके दिवशी बॅग भरते. मूल विचारते, ‘परत कधी येणार?’ ताई डोळे पुसत म्हणते, ‘लवकरच.’ पुढच्या महिन्यात दुसरी ताई येते. शाळेत घरून येणाऱ्या मुलाला हे सोसते, कारण संध्याकाळी त्याला आई असते. अनाथाश्रमातल्या मुलाला मात्र प्रत्येक वेळी कुणी तरी सोडून जाते.

जगात याची आता गंभीर दखल घेतली जात आहे. कंबोडियात २०११ साली झालेल्या पाहणीत असे दिसले की, अनाथालयांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी जिवंत होते. परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून मुले गोळा केली जात होती. २०१९ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही अनाथालयांत जाऊन केल्या जाणाऱ्या स्वयंसेवेच्या धोक्यांचा उल्लेख आपल्या ठरावात केला. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. जी संस्था आलेल्या पाहुण्याकडून त्याच्या देशातल्या पोलिसांचा दाखला मागत नाही, पहिल्याच दिवशी मुलांच्या खोलीत सोडते आणि फोटो काढायला हरकत घेत नाही, ती जरा सावधपणे पाहावी.

परदेशात राहणाऱ्या आपल्या भाच्या-पुतण्यांपैकी कुणी शिक्षक असेल आणि त्याच्या शाळेतल्या सहकारी बाईंना भारतात यायचे असेल, तर दोन गोष्टी त्यांना आधीच कळवाव्यात. भारताच्या ई-पर्यटक व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना, तेही कसलाही मोबदला न घेता, स्वयंसेवा करता येते. त्याहून जास्त राहायचे तर वेगळा व्हिसा लागतो. दुसरी गोष्ट, शिकवायला जाण्यापेक्षा तिथल्या शिक्षकांबरोबर बसायला जावे. विज्ञानाचे साधे प्रयोग, वाचनालयाची मांडणी, मंद गतीने शिकणाऱ्या मुलाला कसे हाताळायचे, हे बाईंना दाखवले तर पाहुणी गेल्यावरही ते वर्गात उरते. थोडी कन्नड शिकून आलेल्या पाहुणीचे तर कर्नाटकातल्या कुठल्याही शाळेत कौतुकच होईल. ‘ऊट आयता?’ म्हणजे जेवलात का, एवढे विचारले तरी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे आपले होतात.

ऑगस्ट उजाडला की परतीची तिकिटे निघतात, कारण महिन्याच्या मध्यावर तिकडच्या शाळा उघडायला लागतात. बेंगळुरूत तोवर पंधरा ऑगस्टच्या कवायतीची तालीम सुरू झालेली असते. पटांगणात पाणी साचलेले, मुलांचे बूट चिखलाने माखलेले, आणि ढोल वाजवणारा मुलगा हमखास ताल चुकणारा. पाहुण्या बाई पायरीवर उभ्या राहून पाहत असतात. मुख्य कार्यक्रमाच्या दिवशी त्या आपल्या वर्गात, आपल्या मुलांची नावे पाठ करत असतील.