गाजरं खाऊन का भागलं नाही? जीन बेनेट आणि डोळ्यातला एक जीन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मे महिन्यात गावी लाइट गेली की आम्ही सगळे अंगणात पळायचो आणि हा माझ्या शर्टाचं टोक धरून चालायचा. आम्ही त्याला चिडवायचो. मावशी रोज गाजरं खायला घालायची. फरक शून्य. गेल्या वर्षी कळलं की दुखणं डोळ्याच्या पडद्याचं आहे आणि आनुवंशिक आहे. मग मी वाचत सुटलो आणि जीन बेनेट भेटल्या. (हो, नावच जीन!)

आधी गाजराचं बघू. पडद्यातल्या पेशी प्रकाश पकडायला व्हिटॅमिन एपासून बनलेला एक रेणू वापरतात. प्रकाश पडला की त्याचा आकार बदलतो. पुन्हा वापरायचा तर तो मूळ आकारात आणावा लागतो. हे काम पडद्यामागच्या थरात चालतं आणि त्यातली कळीची पायरी आरपीई65 नावाचं प्रोटीन करतं. त्याच्या जीनच्या दोन्ही कॉपी, आईकडची आणि वडिलांकडची, बिघडलेल्या असतील तर हे चक्रच अडतं. कच्चा माल भरपूर, पण मशीन बंद! मग गाजरं किती खाणार? अशा मुलांना लहानपणापासूनच कमी दिसतं आणि पुढे पेशीही हळूहळू मरतात.

बेनेट यांनी 1980 मध्ये बर्कलीतून पीएचडी केली आणि 1986 मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झाल्या. तिथेच त्यांना अल्बर्ट मॅग्वायर भेटले. पुढे ते पडद्याचे सर्जन झाले, आणि बेनेट यांचे नवरेही. चांगला जीन थेट डोळ्यात पोचवता येईल का, हा प्रश्न दोघांनी धरला तेव्हा त्यासाठी लागणारी साधनं धड तयारही नव्हती.

आयडिया अशी: एएव्ही नावाचा निरुपद्रवी व्हायरस घ्यायचा, त्याचे स्वतःचे जीन काढायचे आणि आत आरपीई65 ची चालणारी कॉपी ठेवायची. मग बारीक सुईने ते द्रावण पडद्याखाली सोडायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर जुना बग तसाच राहतो, शेजारी चालणारं फंक्शन टाकलं जातं.

1999 मध्ये मोठा धक्का बसला. बेनेट ज्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होत्या, तिथल्याच वेगळ्या जीन थेरपीच्या चाचणीत 18 वर्षांचा जेसी गेल्सिंगर दगावला. चाचणी यकृताच्या आजारावरची होती, व्हायरसही वेगळा. पण या अख्ख्या क्षेत्रावरचा विश्वास उडाला. अशा वातावरणात 2001 मध्ये बेनेट आणि सहकाऱ्यांचा पेपर आला: ब्रियार्ड जातीची, याच जीनमुळे जन्मापासून न दिसणारी कुत्री बघू लागली होती. त्यातल्या लान्सलॉटला तर अमेरिकन संसदेत नेऊन दाखवलं. अशीच दोन कुत्री बेनेट दांपत्याने नंतर घरी पाळली.

2007 मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात माणसांवरची चाचणी सुरू झाली. एका 8 वर्षांच्या मुलाला ऑपरेशननंतर चार दिवसांनी प्राणीसंग्रहालयात नेलं, तर ऊन डोळ्यांना लागतंय म्हणून तो ओरडला! आई-बापांना केवढा आनंद झाला असेल. अखेर डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'लक्स्टर्ना'ला मंजुरी दिली. 2018 मध्ये जाहीर झालेली किंमत एका डोळ्याची 4 लाख 25 हजार डॉलर होती. बेनेट यांनी मात्र त्यातला आपला आर्थिक हक्क आधीच सोडला होता.

मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपल्याला कधी मिळेल रे?" इथेच खरी अडचण आहे. लक्स्टर्ना फक्त आरपीई65 वर चालतं आणि पडद्यात जिवंत पेशी उरल्या असतील तरच. भावाच्या रिपोर्टमध्ये दुसराच जीन आला. तो मावशीला समजावून सांगायला मला पूर्ण संध्याकाळ लागली.

पण रिपोर्ट वाया गेला नाही. उद्या त्या जीनवर चाचणी निघाली तर आपण त्यात बसतो का, हे आता विचारता येईल. म्हणून सांगतो: घरात कुणाला लहानपणापासून अंधारात दिसत नसेल तर गाजरांवर थांबू नका. पडदा तपासून घ्या, डॉक्टरांनी सुचवलं तर जीन टेस्टही करा. आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्नं होतात. तिथे तीच बिघडलेली कॉपी दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. यात दोष कुणाचाच नाही, पण माहिती हवी.

आणि हो, अंधारात शर्ट धरणाऱ्याला चिडवू नका. मी त्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "शर्ट तरी धड घालायचास, टोक सारखं फाटायचं."

भेटू पुढच्या भागात!