नोकरी लागली, पण गरिबी गेली का? महानगरात गेलेल्या आपल्या तरुणांचा हिशोब

बुलढाणा जिल्ह्यात एकही महानगर नाही. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने महानगर क्षेत्रासाठी किमान दहा लाख लोकसंख्येची अट घातली आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती आणि त्यातले पाचपैकी जवळपास चार जण खेड्यात राहणारे होते. तरीही जिल्ह्यातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत जा, तिथल्या घरांचा अर्धा हिशोब महानगरात मांडलेला दिसतो. कुणाचा मुलगा चाकणला, कुणाचा जावई वाळूजला, कुणाचं अख्खं बिऱ्हाड कल्याणकडे. संध्याकाळी चिखली-मेहकरहून पुण्याकडे सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये आणि मलकापूर, नांदुरा, शेगावच्या फलाटांवर आपलीच मुलं बॅगा घेऊन उभी असतात. जमीन नाही किंवा एक-दोन एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन निघालं की हाताला काम नाही, मग दुसरं करणार काय?

मुलगा पुण्याला कामाला लागला की घर सुधारलं, असं आपण धरून चालतो. पाहुणेही तसंच बोलतात, सरकारची आकडेवारीही तसंच सांगते. रोजगार, उत्पन्न आणि गरिबी हे तीन शब्द आपण एका दमात वापरतो, जणू पहिला मिळाला की दुसरं आपोआप येतं आणि तिसरी निघून जाते. महानगरात मात्र या तिघांचे रस्ते वेगळे होतात. आपल्या बहुसंख्य मुलांना तिथे रोजगार आहे. गरिबी मात्र त्यांच्यासोबत ट्रॅव्हल्समध्ये बसून गेलेली आहे. हे नीट समजलं नाही तर आपली आंदोलनं 'बेरोजगारी हटवा' या एकाच घोषणेभोवती फिरत राहतील आणि ज्याला काम असूनही पुरत नाही तो आपल्या अजेंड्यावर येणारच नाही.

'रोजगार असलेला' म्हणजे कोण?

देशातल्या रोजगाराचे आकडे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून येतात. हे सर्वेक्षण २०१७ पासून चालू आहे. त्यातल्या साप्ताहिक पद्धतीनुसार, मागच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. फक्त एक तास! मजूर अड्ड्यावर आठवडाभर उभं राहून एकच दिवस काम मिळालेला माणूस बेरोजगार ठरत नाही. घरच्या शेतात किंवा टपरीवर बिनपगारी राबणारी बाईसुद्धा रोजगारातच मोजली जाते. ही व्याख्या सरकारने लपवलेली नाही, ती आंतरराष्ट्रीय पद्धतीला धरून आहे. तिचा उद्देशच वेगळा आहे. काम मिळालं की नाही एवढंच ती सांगते. त्या कामावर पोट भरतं का, याचं उत्तर तिच्याकडे नाही. म्हणून बेरोजगारीचा दर कमी झाल्याची बातमी आली की लगेच 'आकडे खोटे आहेत' असं ओरडण्याऐवजी कामाचा प्रकार विचारावा: नियमित पगार किती जणांना, त्यातल्या किती जणांकडे लेखी करार, पगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी आहे? हे सगळं त्याच सर्वेक्षणात दिलेलं असतं, फक्त बातमीत येत नाही.

कारखान्याच्या गेटवर तर आणखी एक वर्ग उभा असतो, 'ट्रेनी'. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो. त्याला मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे. खरोखर शिकवलं जात असेल तर याबद्दल तक्रार नाही. पण आयटीआय झालेला मुलगा तीन-तीन कंपन्यांत ट्रेनी म्हणूनच लाइनवर उभा राहतो तेव्हा तो शिकतोय काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

शिक्षण वाढलं की हे सुटेल असं वाटणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगतो. अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी ठेवली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश भरली. मुस्लिम नावाची त्याहूनही कमी. पदवी तीच, आडनाव वेगळं.

सतरा हजारांचे तेरा हजार

आता उत्पन्नाकडे येऊ. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'पगार १७,००० पेक्षा जास्त'. हा आकडा बहुतेक वेळा सीटीसी असतो, म्हणजे मालकाला पडणारा एकूण खर्च. समजण्यासाठी एक हिशोब मांडतो. मूळ वेतन धरू १५,००० रुपये. त्यावर मालकाने भरायचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के म्हणजे १,८०० आणि राज्य विमा ३.२५ टक्के म्हणजे ४८८. झाले १७,२८८. हा जाहिरातीतला आकडा. आता कामगाराच्या बाजूने बघा: १५,००० मधून त्याचा स्वतःचा निधी १,८०० गेला, राज्य विमा ०.७५ टक्के म्हणजे ११३ गेला, व्यवसाय कर २०० गेला. हातात १२,८८७. कँटीन आणि बस कापली तर आणखी कमी.

निधीचे पैसे बुडत नाहीत, ते त्याचेच आहेत. अट एवढीच की ठेकेदाराने ते भरलेले असावेत.

कॉट बेसिसवरची जागा, मेस, मोबाइल, येणं-जाणं, आजारपण, कपडालत्ता मिळून महिना ७,५०० धरू. उरले ५,३८७. वर्षभर काम टिकलं तर ठीक. पण कंत्राटात 'ब्रेक' असतो. काही महिने झाले की कामावरून थांबवायचं आणि मग पुन्हा नव्याने घ्यायचं, ही पद्धत आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. वर्षात दहा महिने काम झालं तर शिल्लक ५३,८७०. उरलेले दोन महिने शहरात थांबूनच नवं काम शोधलं तर त्यातले १५,००० तिथेच संपले. गावी आले ३८,८७०, म्हणजे महिन्याला सव्वातीन हजारांच्या आत-बाहेर. यात आईवडिलांचं औषध, बहिणीचं शिक्षण आणि बियाण्याची उधारी. हा एका धरलेल्या पगाराचा हिशोब आहे. कुणाला जास्त मिळतं, कुणाला कमी. आपापल्या गावातल्या दहा घरी बसून हाच हिशोब खऱ्या आकड्यांनी मांडून बघा.

मग हा गरीब ठरतो का?

नाही. तेंडुलकर पद्धतीने २०११-१२ साठी देशाची शहरी दारिद्र्यरेषा माणशी महिना १,००० रुपये होती, म्हणजे दिवसाला ३३ रुपये. ग्रामीण रेषा ८१६ रुपये. त्या रेषेने शहरात १३.७ टक्के लोक गरीब ठरले. २०१४ मध्ये रंगराजन समितीने शहरी रेषा १,४०७ रुपये धरली आणि त्याच वर्षाचे शहरी गरीब २६.४ टक्के झाले. लोक तेच, शहरं तीच. रेषा महिन्याला चारशे रुपयांनी वर सरकली आणि गरीब जवळपास दुप्पट झाले. याचा अर्थ असा की शहरात प्रचंड मोठा वर्ग त्या रेषेच्या अगदी डोक्यावर बसलेला आहे. एक अपघात झाला किंवा एक ब्रेक मिळाला की खाली.

हल्ली नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक जास्त ऐकू येतो. त्यात महाराष्ट्राचं प्रमाण २०१५-१६ मधल्या जवळपास १५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आलं. त्यात पोषण, शाळा, वीज, गॅस, शौचालय, बँक खातं असे बारा निकष आहेत आणि ही सुधारणा खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात उत्पन्न हा निकषच नाही. पिंपरीतल्या भाड्याच्या खोलीत वीज आहे, गॅस आहे, जनधन खातं आहे. खात्यात किती आहे, हे निर्देशांक विचारत नाही.

आता दोन सरकारी आकडे शेजारी ठेवा. अन्न सुरक्षा कायदा राज्यात लागू करताना शहरी भागातल्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठेवली गेली, ग्रामीण भागात ४४,०००. त्यानंतर २०१६-१७ मध्ये सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. त्यात मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. रक्कम अपुरी आहे आणि वेळेवर येत नाही, हे आपण सगळे जाणतो. पण तिचा दुसरा अर्थ लक्षात घ्या. महानगरात एका माणसाला जगायला वर्षाला साठ हजार लागतात, हे सरकारने स्वतः लिहून दिलं आहे. आणि त्याच महानगरात अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न एकोणसाठ हजारांवर गेलं की ते स्वस्त धान्याच्या गरजेबाहेर! वरच्या हिशोबातला आपला मुलगा दहा महिन्यांत १,२८,८७० हातात घेतो. शहरी मर्यादा तो केव्हाच ओलांडतो, आणि गावच्या कार्डावर त्याचं उत्पन्न धरलं तर मागे राहिलेलं घरही ४४,००० च्या बाहेर जातं.

'एक देश एक रेशन कार्ड'मुळे गावच्या कार्डावरचं आपल्या वाट्याचं पाच किलो धान्य पुण्यात उचलता येतं आणि बाकीचे सदस्य गावात उचलू शकतात. हे अनेकांना माहीत नाही, ते सांगत राहायला हवं. पण कॉटवर राहणाऱ्याकडे शेगडीच नसते, तो तांदूळ घेऊन शिजवणार कुठे? जात प्रमाणपत्राचीही तीच गत. १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुटुंब जिथे राहत होतं तिथलाच पुरावा आणि तिथलंच कार्यालय. शहरात जन्मलेल्या मुलाच्या कागदासाठीही बापाला गावी फेऱ्या माराव्या लागतात आणि प्रत्येक फेरीला दोन दिवसांचा पगार जातो.

दांडेकर आणि रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास मांडला, त्यात शहरी गरिबी ही खेड्यातल्या गरिबीचीच सांडलेली बाजू असल्याचं म्हटलं होतं. मला ते अर्धंच पटतं. आपल्या बाबतीत शहर गरिबी नुसती सामावून घेत नाही, ती जातीप्रमाणे कामावर बसवतं. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार रिंग खात्यात चालत, पण जास्त पगाराच्या साचेखात्यात त्यांना मज्जाव होता. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाट होई. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार चळवळीच्या तोंडावर ठेवला. शेतीवर अडकलेल्या जादा हातांना उद्योगात काम मिळालं पाहिजे, हे त्यांनी १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधातच मांडलं होतं. म्हणजे शहराकडे जा, पण तिथे कोणत्या खात्यात घेतात तेही बघा. आजचं साचेखातं म्हणजे कायम नोकरी. रिंग खातं म्हणजे हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, हेल्पर, कचऱ्याची गाडी. मुंबईतल्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा २०१४ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला, तो कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं लढल्यामुळे. नोकरी मेळाव्याने असं काही होत नाही.

गावात निदान रोजगार हमी मागता येत आली. महाराष्ट्राने ती देशाला दिली, कायदा १९७७ चा. शहरात तशी हमी नाही. केरळने शहरांसाठी अय्यंकाळी यांच्या नावाने नागरी रोजगार हमी योजना चालवली, राजस्थानने २०२२ मध्ये शंभर दिवसांची सुरू केली. ही मागणी महाराष्ट्रात आपल्या संघटनांनी का उचलू नये, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. उत्पन्न मर्यादेचंही तसंच. स्वाधारचा आकडा हातात घेऊन बोललं तर अधिकाऱ्यालाही उत्तर सुचत नाही.

तोवर विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर मिळाला, तर दिवाळीला किंवा जयंतीला गावी आलेल्या मुलांचे मोबाइल घेऊन बसा. यूएएन क्रमांक चालू आहे का आणि पासबुकात दर महिन्याला दोन्ही बाजूंची रक्कम जमा दिसते का, ते उमंग अॅपवर बघता येतं. राज्य विम्याचं कार्ड असेल तर त्यात पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांची नावं घातली आहेत का ते विचारा, उपचार त्यांनाही मिळतात. बांधकामावर वर्षात ९० दिवस भरले असतील तर कल्याणकारी मंडळाची नोंदणी करून घ्या. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, पण आपण त्याच कंपनीत काम केलं हे दाखवता आलं पाहिजे. पगारपत्रक देत नसतील तर बँकेचं स्टेटमेंट आणि गेटपासचा फोटो दर महिन्याला घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवायला सांगा. ब्रेक मिळतो त्या दिवशी गेटपास आधी काढून घेतात.