गाईचे तोंड आणि झाडाचा पाला

गाईच्या मुखाची रचना न्याहाळली, म्हणजे निसर्गाने तिला गवतासाठीच घडविले असावे याविषयी शंका उरत नाही. वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत आणि ओठ जाड. म्हणून ती जिभेने गवताचा झुपका वेढते, खालचे दात व वरची कठीण हिरडी यांत तो धरते आणि मानेच्या हिसक्याने तोडते. शेळीचे निमुळते तोंड व चपळ ओठ काटेरी बाभळीतूनही नेमके पान वेचतात. राइनहोल्ड हॉफमन या शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये रवंथ करणाऱ्या प्राण्यांची जी वर्गवारी मांडली, तीत गाय गवतखाऊंत, जिराफ पालाखाऊंत आणि दोहोंचा स्वीकार करणारी शेळी मधल्या वर्गात बसते.

आमच्या देशावर मात्र ही वर्गवारी फार तर कार्तिकापर्यंत टिकते. कुसळी गवत वाळले की त्यातील प्रथिनांचा अंश तीन-चार टक्क्यांवर उतरतो. तो सातांच्या खाली गेला, म्हणजे कोटीपोटातील ज्या सूक्ष्मजंतूंकरवी तंतू पचावयाचे त्यांचीच उपासमार होते, आणि गाय भरल्या पोटी खंगू लागते. अशा वेळी ज्याची मुळे खोल ओलीपर्यंत गेली आहेत ते झाडच कामास येते. खानदेशात अंजनाच्या डहाळ्या, अन्यत्र शेवरी, हादगा, आपटा यांचा पाला गुरांपुढे पडतो. सरकारी राखीव जंगलात मात्र विनापरवाना फांदी छाटणे हा १९२७ च्या वन-कायद्यान्वये गुन्हा. आणि माथ्यावरचा पाला गाईस आपण होऊन गाठता येत नाही, ही अडचण कायदा करणाऱ्यांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

पाला फुकट पचतो असेही नाही. त्यातील तुरट टॅनिन प्रथिनांना जखडून ठेवते. पालाखाऊ प्राण्यांच्या लाळेत त्यावर उतारा असतो, गाईच्या लाळेत तो नगण्य. सुबाभळीची हकीकत तर विशेष बोधप्रद आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या ‘बाएफ’ संस्थेने पुढील दशकात या झाडाचा हिरिरीने प्रसार केला, कारण त्याच्या पाल्यात प्रथिने वीस टक्क्यांच्या आसपास. परंतु त्यातच मिमोसीन नावाचे विषही आहे, आणि ऑस्ट्रेलियात निव्वळ हाच पाला चरणाऱ्या गुरांचे केस गळत, गळ्याची ग्रंथी सुजे. हवाई बेटांवरील शेळ्या तोच पाला खाऊन धडधाकट कशा, याचा शोध रेमंड जोन्स यांनी घेतला, तेव्हा त्या शेळ्यांच्या कोटीपोटात हे विष निकामी करणारे जंतू वसतीस असल्याचे आढळले. १९८० नंतरच्या दशकात ते ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटी सोडण्यात आले, एका गुराकडून दुसऱ्याकडे पसरले, आणि पुढे जोन्स यांचेच नाव त्या जंतूस मिळाले. आपल्याकडे साधा व्यवहार रूढ आहे: सुबाभूळ कडब्याच्या कुट्टीत मिसळून, एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत घालावी.